तलावाच्या व्यवस्थापक चिलापीबाईंना खुले पत्र

प्रति,
श्रीमती तिलापिया ऊर्फ चिलापीबाई,
पवई तलाव, मुंबई.



आम्ही कांदिवलीची हौशी गळ टाकणारी मंडळी. आमची पोईसर नदी नॅशनल पार्कातून निघते ती नदी म्हणून, वस्तीत शिरते ती नाला होऊन. तिथे गळाला फक्त पिशव्या लागतात. म्हणून आमची हौस तुमच्या दारी येते. १८९१ साली पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. पण गळवाल्यांची सोय झाली आणि पुढे तुमचीही.

तलावाचं व्यवस्थापन तुमच्याकडे कसं आलं, हे आम्ही जाणतो. कटला-रोहू पडले मानी. त्यांना पावसाळी पुराचं वाहतं पाणी हवं. बंदिस्त तलावात ते अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरींनी ओडिशात कार्प माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली, तेव्हा मत्स्यबीजाची वाट मोकळी झाली. तरी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुन्हा पुन्हा आणून सोडावी लागतेच. तुम्ही १९५२ साली भारतात आलात. तुम्हाला ना इंजेक्शन लागतं, ना अनुदान. दोन-तीन महिन्यांत वयात येता, अंडी तोंडात सांभाळता. आमच्या पुढाऱ्यांच्या तोंडात मात्र आश्वासनंच उबतात.

दाटी झाली की तुमची वाढ खुंटते, वीण थांबत नाही. मग तलावभर बोटाएवढ्या चिलाप्या. आमच्यातले दयाळू लोक अशी चिलापी गळाला लागली की अलगद परत सोडतात. महाशीरला शोभणारी ही दया तुमच्यावर केली की अख्खा तलाव खुरटतो. काही पुण्यवान पाव आणि कणकेचे गोळे टाकतात. त्यात सांडपाणी मिसळलं की जलपर्णी फोफावते आणि पाण्याचा श्वास कोंडतो. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पहाटे तोही उतरतो. रोहू पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो, तुम्ही मात्र तग धरून राहता.

माणसांनी काहीच केलं नाही, असं मात्र म्हणू नका. काठावर सायकल ट्रॅक करायला घेतला होता. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. आमचं प्रेम काठावर फार, पाण्यात कमी.

खरं तर तुमची सत्ता उलथवणं अवघड नाही. मासे किती आणि केवढे, हे दरवर्षी जाळं टाकून मोजायचं. बारक्या चिलाप्या काढून टाकायच्या. तुमची पिल्लं मटकावणारा मरळ राखायचा. कटला-रोहूची बोटुकली जरा मोठी करून, पाण्याला झेपेल एवढीच सोडायची. आणि सगळ्यात आधी सांडपाण्याची तोंडं बंद करायची.

पण घाबरू नका. यातल्या एकाही कामाला फीत कापता येत नाही. त्यामुळे तुमच्या पदाला तूर्त धोका नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कांदिवलीकर गळवाला