घडीव म्हणे!

भाच्यानं अमरावतीत गाडीला नवी चाकं बसवली. "मामा, फोर्ज्ड हायेत, म्हंजे घडीव. हे उचलून पाय." उचललं. कंबर म्हणाली, ओतीव.

घडीव आणि ओतीव यातला फरक आपल्या लोहाराला केव्हाचा ठाऊक आहे. ओतीव चाक म्हणजे ॲल्युमिनियमचा रस साच्यात ओतायचा आणि थिजू द्यायचा. थिजताना आत बारीक छिद्रं राहतात, म्हणून चाक जाड ठेवावं लागतं. घडीव चाकाचा तापवलेला गोळा हजारो टनांच्या दाबाखाली दामटतात. धातू घट्ट बसतो, कमी मालात भागतं. सतरा इंची ओतीव चाक दहा किलोच्या आसपास भरतं, घडीव सात-आठ. किंमत मात्र कितीतरी वर. फिरत्या चाकातले दोन-तीन किलो वाचले की गाडी चटकन वेग घेते. बैलांच्या शर्यतीत, शंकरपटात, छकडा हलका कायले ठेवतात, हे तळेगाव दशासरच्या शेंबड्या पोराला विचारा.

घडीव चाक खड्ड्यात वाकतं, ओतीव तडकतं. अमरावती-अकोला रस्त्यावर पूर्वी दोन्हींची परीक्षा एका फेरीत व्हायची. माणसाचा मणका मात्र वाकायचाही आणि तडकायचाही. मग जून २०२२ मध्ये इथंच १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांब, एक पदर रुंद डांबराचा थर टाकला आणि गिनीज बुकात नाव लागलं. अनेक वर्षं रखडलेला रस्ता पाच दिवसांत. आम्हाला कोणी विचारलं असतं तर रखडण्याचाही विक्रम मिळाला असता.

असो. बिलावर पाहिलं तर 'फ्लो फोर्ज्ड' लिहिलेलं. म्हणजे चाक ओतीवच. फक्त त्याची कड गरम असताना रोलरनं दाबून ताणलेली. काम चांगलं असतं, चाक थोडं हलकंही होतं. पण नाकात नथ घातली म्हणून काही सोयरीक जमत नाही.

भाच्याला पटेना. शेवटी ओळखीच्या कापूसवाल्याच्या काट्यावर चाक ठेवलं. भरलं दहा किलो दोनशे ग्रॅम. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, काटा पाहून घ्या, जास्त दाखवत असंन."

कापसाचा काटा जास्त दाखवतो, अशी तक्रार वऱ्हाडात मी पहिल्यांदाच ऐकली.