सोन्यात चिमूटभर मीठ

आपण सोन्यात काम करतो, असं आमच्या गावी, आगरदांड्यात कुणाला सांगू नये. सोन्यात काम करणारा म्हणजे एकतर सराफ, नाहीतर आखातातून येताना पोटाशी बिस्किटं बांधून आणणारा. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पीएच.डी. करत बसलेला माणूस त्यात मोडत नाही. पण मी सांगितलं. आजीने लगेच विचारलं, "हाताखाली किती तोळे असतं रे?"

खरं उत्तर होतं, शंभर मिलिलिटरच्या बाटलीत 5 मिलिग्रॅम. तोळाभर सोनं जमवायला तशा दोन हजारांहून जास्त बाटल्या लागतील. मी मान ताठ करून म्हणालो, "आम्ही मोजत नाही."

मग पुरावा दाखवणं आलं. दिवाळीच्या सुट्टीत एक बाटली आणि काचेच्या चार पट्ट्या घेऊन घरी गेलो.

सोन्याचे कण पंधरा-वीस नॅनोमीटरचे झाले की त्याचा पिवळेपणा जातो आणि पाणी लालचुटुक दिसतं. 1951 मध्ये टर्केविच यांनी बसवून दिलेली कृती साधी आहे: सोन्याचा क्षार घातलेलं पाणी उकळायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. सायट्रेट प्रत्येक कणावर ऋण भार चढवतं, त्यामुळे कण एकमेकांना लांब ढकलत तरंगत राहतात. अमिनो-सिलेन लावलेल्या गुळगुळीत काचेवर मात्र धन भार असतो. ती काच रात्रभर या पाण्यात बुडवली की कण आपण होऊन तिच्यावर येऊन बसतात, आणि एकच थर बसतो. दुसरा थर चढायला लागला तर खालचे त्याला हाकलतात, आणि शेजाऱ्यालाही जवळ येऊ देत नाहीत. आमच्या भावकीचंही हेच: सगळे एकाच जमिनीला चिकटलेले, पण कुणाच्या अंगाला अंग लागता कामा नये.

हे सगळं मी ओटीवर काकांना हातवारे करून सांगत होतो. काका दिघीहून फेरीबोटीने खाडी ओलांडून खास सोनं बघायला आले होते. बाटली फ्रिजमध्ये होती, कोकम सरबताच्या शेजारी. चिठ्ठी लावलेली नव्हती. आपल्या घरात, आपल्याच संशोधनाला चिठ्ठी कशाला, असा माझा बाणेदार विचार होता.

आतून वहिनीचा आवाज आला, "भावजी, तुम्ही आणलेलं कोकम विटलंय हो! निळं पडलं!"

पाहुण्यांसाठी तिने बाटली तांब्यात ओतली होती, मीठ-जिरेपूड घालून चमच्याने छान ढवळली होती. मिठातल्या सोडियमने कणांवरचा भार झाकून टाकला होता. दूर ढकलायला काही उरलं नाही, तेव्हा कण एकमेकांना बिलगले. असे गठ्ठे झाले की लाल रंग जांभळा-निळा होतो. मीठ घातलं की लाल सोनं निळं होतं, हे मायकेल फॅरडेने 1857 मध्येच लिहून ठेवलंय. वहिनीने नुसती साखर घातली असती तर मी वाचलो असतो. साखरेला भार नसतो.

काकांनी तांब्यात डोकावून विचारलं, "हे सोनं?"

"होतं," मी म्हणालो.

सुदैवाने कुणी प्यायलं नाही. लाज राखायला मी आदल्या रात्री बुडवून ठेवलेली पट्टी काढून आणली. फिकट गुलाबी झाक, नीट बसलेला थर! तिच्यापुढे माझा प्रबंध काहीच नाही. ती मी बाबांच्या हातात दिली. त्यांनी उजेडात धरून पाहिली, "डाग पडलेत रे," म्हणाले आणि पंच्याने स्वच्छ पुसून परत दिली.

जेवताना विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2004 मध्ये गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे चपटे, त्रिकोणी नॅनोकण केले. वहिनीने वाढता वाढता हात थांबवला. "मग तुम्ही उगाच पुण्याला का राहता? परसात रान माजलंय त्याचं."

यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. वाचकांना एवढंच सांगणं, की बाटलीवर चिठ्ठी लावा. फॅरडेने केलेले सोन्याचे काही द्राव लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही लालच आहेत, पण ते कोकमाच्या शेजारी ठेवलेले नाहीत.