धोक्याचा इशारा कसा द्यावा?

(आंबिवली-मोहने परिसरातील होतकरू कार्यकर्त्यांसाठी प्राथमिक धडे)

निवडणूक तोंडावर आली आहे. नळ कोरडा आहे, कसारा लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि २००९ साली बंद पडलेल्या एनआरसी कंपनीचे कामगार थकलेल्या देण्यांचे काय झाले ते विचारताहेत. अशा वेळी नवशिका गांगरतो. मुरलेला पुढारी मात्र 'दहशतवाद्यांची नजर आपल्या शहरावर आहे' असे सांगून मोकळा होतो. तुम्हालाही जमेल.

१. मुहूर्त साधा. विरोधकांची सभा काल गाजली असेल, तर इशारा आज द्यावा. अमेरिकेत २००४ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन आटोपले आणि तिसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, न्यूयॉर्क-वॉशिंग्टनमधल्या वित्तसंस्थांसाठी धोक्याची पातळी नारिंगी झाली. माहिती बरीचशी तीन-चार वर्षांपूर्वीची निघाली. बातमी मात्र ताजी होती!

२. ठिकाण सांगू नका. 'आंबिवली स्टेशन, अमुक फलाट, बाकाखाली' म्हणालात, तर पोलीस जाऊन बघतील आणि विषय तिथेच मिटेल. 'गर्दीची ठिकाणे' म्हणा. आपल्या लाइनवर बिनगर्दीचे ठिकाण आहेच कुठे?

३. उपाय सांगू नका. 'सतर्क राहा, घाबरू नका' एवढे पुरे.

४. नाव घेऊ नका. बोलता बोलता एखाद्या वस्तीकडे नुसती मान वळवा. गुन्हा दाखल होत नाही आणि काम होते.

५. इशारा मागे घेऊ नका. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एके-४७ असलेली बेवारस बोट लागली. गृहखाते सांभाळणाऱ्या देवेंद्र फडणवीसांनी त्याच दिवशी विधानसभेत सांगून टाकले की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची आहे, इंजिन बिघडून भरकटली आहे, दहशतवादाचा धागा अजून दिसत नाही. एवढी सोन्यासारखी बोट एका दिवसात वाया! सप्टेंबर २०२५ मध्ये अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबईत ३४ गाड्यांत ४०० किलो आरडीएक्स असल्याची धमकी आली, तर पोलिसांनी थेट नोएडातून एक ज्योतिषी उचलून आणला. तपासाची अशी घाई आपल्या धंद्याला मारक आहे.

६. वर्तमानपत्राने 'हा इशारा मतांसाठी का?' असे छापले, तर उत्तर देऊ नका. आधी 'यामुळे शत्रूचे फावते' म्हणा. पुरावा मागितला, तर तो गोपनीय. पुन्हा मागितला, तर संपादकाचीच चौकशी व्हायला हवी. मतदानाआधी धोक्याची पातळी वाढवावी म्हणून २००४ मध्ये आपल्यावर दबाव आला होता, असे अमेरिकेचे तेव्हाचे अंतर्गत सुरक्षामंत्री टॉम रिज यांनी २००९ मध्ये पुस्तकात लिहिले. म्हणून उपनियम : निवृत्तीनंतर पुस्तक लिहू नका.

७. खऱ्या इशाऱ्यांची नक्कल करू नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या आधी मुंबईवर समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, अशा गुप्त सूचना आल्या होत्या. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पुढे त्यांची दखल घेतली. त्या सूचनांत मार्ग होता, हॉटेलांची नावे होती, म्हणजे आपल्या शास्त्राप्रमाणे सगळेच चुकलेले. शिवाय त्या फायलीतून गेल्या. ना व्यासपीठ, ना माइक, ना टाळी. अशा इशाऱ्यावर एक मत तरी मिळते का? तुम्ही आपला फ्लेक्स छापायला टाका.