फजिती आता घरूनच

उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, उन्हाळ्यात एक मोठा सोहळा असतो. त्यात हॉकी नसते. बर्फ नसतो, स्केट नसतात, पक नसतो आणि दात पडलेला एकही खेळाडू दिसत नाही. दिसतात ती अठरा वर्षांची मुलं, नव्या कोऱ्या सुटात घाम पुसत बसलेली. शेजारी आई, बाप, आजी, लहान भावंडं. स्टेजवर एक माणूस येतो, एक नाव घेतो. ते पोरगं उठतं, सगळ्यांना मिठ्या मारतं, वर जातं, जर्सी आणि टोपी घालतं, फोटो काढून आत निघून जातं. मग दुसरं नाव. बत्तीस संघ, सात फेऱ्या, एकूण २२४ नावं. याला ड्राफ्ट म्हणतात. आणि हे बघायला लोक विमानाची तिकिटं काढून जातात.

पद्धत समजून घ्यायची असेल तर आपली अकरावीची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया उलटी करून पाहा. पसंतीक्रम कॉलेजं भरतात, विद्यार्थी नुसता बसून राहतो आणि ज्या कॉलेजचा निकाल सगळ्यात वाईट, त्याला गुणवत्ता यादीतला पहिला मुलगा निवडायचा मान. मुलाला ना पसंती, ना पर्याय. नाव एडमंटनने घेतलं तर एडमंटन, मग तिथे जानेवारीत पापण्या गोठोत.

तर प्रश्न असा की, हे बघायला प्रत्यक्ष जावं का? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पैसे वाचवणाऱ्यांना पुढचं वाचायचेही कष्ट नकोत. २०२४ पर्यंत जरूर जावं असं होतं. आता नाही. कारण या सोहळ्यात बघण्यासारखी गोष्ट एकच होती, भरपूर पगार घेणाऱ्या जाणत्या माणसांची चारचौघांत होणारी फजिती. आणि ती आता तिकीट काढूनही मिळत नाही.

लीगला हा धोका सुरुवातीपासून ठाऊक असावा. पहिला ड्राफ्ट १९६३ साली माँट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात झाला, तो दारं लावून. संघ सहा, नावं एकवीस. प्रेक्षक कुणी नाही. सतराएक वर्षं हा कारभार असाच गुपचूप चालला. १९७४ साली तर तो फोनवरून झाला, कारण वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीग आपली पोरं पळवील अशी भीती होती. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल फोन लावणार, संघ नाव सांगणार, मग पुढचा फोन. अकराव्या फेरीपर्यंत बफेलो सेबर्सचे व्यवस्थापक पंच इमलॅक यांची सहनशक्ती संपली. त्यांनी १८३व्या क्रमांकावर टोकियो कतानाज या संघाचा तारो त्सुजिमोतो हा खेळाडू घेतला. नोंद झाली. अडचण एवढीच की असा संघ नव्हता आणि असा खेळाडूही नव्हता. पुढे ती निवड रद्दबातल ठरली. पण बफेलोचे प्रेक्षक त्यानंतर कित्येक वर्षं सामना हातचा जाऊ लागला की तारोला खेळवा म्हणून ओरडायचे. ड्राफ्टच्या इतिहासातला हा सर्वोत्तम क्षण, आणि त्याला साक्षीदार एक टेलिफोन!

१९८० साली लीगने पहिल्यांदा दारं उघडली. जागा माँट्रियल फोरम, पहिली निवड घरच्याच कॅनडियन्सची. लोकांपुढे काही करून दाखवायचं तर याहून चांगला मुहूर्त नाही. गावातच वाढलेला, फ्रेंच बोलणारा देनी साव्हार समोर हजर होता. कॅनडियन्सनी घेतला सस्कॅचवानचा डग विकनहायजर. साव्हार तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला आणि तिथून थेट हॉल ऑफ फेममध्ये. विकनहायजर बिचारा बरा खेळाडू होता, पण माँट्रियलला बरा चालत नाही. म्हणजे लोकांसाठी दारं उघडल्यावर लोकांना पहिल्यांदा दिसली ती ही चूक. लोक पुढच्या वर्षी पुन्हा आले. का येणार नाहीत?

मग १९८४. पुन्हा फोरम. पिट्सबर्ग पेंग्विन्सनी मारिओ लम्यूचं नाव घेतलं. करारावरून बोलणी अडली होती, म्हणून हा पोरगा जागचा हललाच नाही. संघाच्या टेबलाकडे गेला नाही, जर्सी घातली नाही. देशभर टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू आणि पिट्सबर्गचे लोक रिकामी जर्सी हातात धरून उभे. पुढे त्याच लम्यूने पिट्सबर्गला दोन स्टॅन्ली कप, म्हणजे लीगची अजिंक्यपदं, जिंकून दिले आणि संघ दिवाळखोरीत गेला तेव्हा तो विकतही घेतला. नको म्हटलेल्या जर्सीचं एवढं मोठं बिल दुसऱ्या कुणी भरलं नसेल.

एरिक लिंड्रॉसने १९९१ साली बफेलोत याच्या पुढची पायरी गाठली. क्युबेक नॉर्डिक्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. आपण तिथे खेळणार नाही हे त्याने आधीच सांगितलं होतं. नॉर्डिक्सना वाटलं, प्रत्यक्ष जर्सी हातात पडली की विरघळेल. त्याने जर्सी हातात घेतली, फोटोपुरती धरली आणि अंगात घातली नाही. वर्षभर तो क्युबेकला फिरकला नाही. १९९२चा ड्राफ्ट माँट्रियलला होता, तिथे नॉर्डिक्सनी अखेर त्याला विकायचं ठरवलं, आणि विकला तो एकदम दोघांना! फिलाडेल्फियालाही आणि न्यूयॉर्क रेंजर्सलाही. लवाद बसवावा लागला. लवादाने फिलाडेल्फियाच्या बाजूने कौल दिला, आणि नॉर्डिक्सना बदल्यात पीटर फोर्सबर्गसह खेळाडूंचा आख्खा ताफा आणि दीड कोटी डॉलर मिळाले. क्युबेकचं भाग्य उजळलं म्हणावं, तर १९९५ साली संघच गाव सोडून कोलोरॅडोला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे स्टॅन्ली कप जिंकला. क्युबेकच्या लोकांनी अपमान गिळला, वाट पाहिली, आणि मिरवणूक डेन्व्हरमध्ये निघाली.

क्युबेक शहरातच भरलेल्या १९९३च्या ड्राफ्टमध्ये ओटावा सेनेटर्सनी अलेक्झांडर डेग याला पहिला घेतला आणि पाच वर्षांचा सव्वाबारा दशलक्ष डॉलरचा करार दिला. दुसऱ्या क्रमांकावर कोण गेलं ते कुणाच्या लक्षात राहत नाही, अशा अर्थाचं काहीतरी डेग तेव्हा बोलून गेला. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ख्रिस प्रॉन्गर हॉल ऑफ फेममध्ये आहे. डेग नाही. ओटावाने या पोरासाठी मुद्दाम सामने हरले अशी कुजबुज इतकी वाढली की चौकशी झाली आणि १९९५ पासून पहिल्या क्रमांकासाठी सोडत सुरू झाली. हरण्यातही आता नशीब लागतं. टोरोंटोच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही, पण त्यांच्याकडे आपण येणारच आहोत.

निव्वळ फजितीच असे असंही नाही. प्रेक्षकांसाठी एक हक्काचं काम होतं, कमिशनर गॅरी बेटमनची हुर्यो उडवणं. हा गृहस्थ १९९३ पासून गादीवर आहे. त्याच्या राज्यात तीनदा टाळेबंदी झाली. २००४-०५चा तर आख्खा मोसम बुडाला. लोकांनी हे विसरायचं नाही असं ठरवलंय. तो माइकसमोर आला की सभागृह एकमुखाने ओरडतं, एकमेकांचं तोंड न बघणारे पाठीराखेही या एका कामात खांद्याला खांदा लावतात. बेटमनही आता हसत थांबतो, आवाज पुरेसा झाला की बोलतो. २०१३ साली नूअर्कमध्ये, एडिसनच्या मराठी घरांपासून जेमतेम अर्ध्या तासावर, त्याने घरच्या न्यू जर्सी डेव्हिल्सची एक अदलाबदल जाहीर केली: नववी निवड द्यायची आणि व्हँकूव्हरचा गोलरक्षक कोरी श्नायडर घ्यायचा. ज्याची हुर्यो चालली होती त्याच्याच तोंडून ही बातमी ऐकून छप्पर उडायची वेळ आली. घरी सोफ्यावर बसलेल्याला ही मजा नाही, हे मला मान्य आहे.

माझा एक भाचा टोरोंटोला असतो. नोकरी चांगली, घर चांगलं, फक्त मेपल लीफ्सचा भक्त आहे. लीफ्सनी शेवटचा कप १९६७ साली जिंकला, तेव्हा याची आईसुद्धा जन्मली नव्हती. २०२२चा ड्राफ्ट माँट्रियलला, करोनानंतर पहिल्यांदाच माणसांसमोर होणार म्हणून हा गाडी काढून गेला. मी विचारलं, “तिथे जाऊन बघणार काय?” तर म्हणाला, “मामा, आमची पंचविसावी निवड आहे. नाव घेतील तेव्हा मी तिथे असेन. उद्या तो मुलगा मोठा झाला की सांगता येईल.”

पहिली निवड घरच्या कॅनडियन्सची. त्याआधी वर्षभर सगळे शेन राइटचं नाव घेत होते. कॅनडियन्सनी स्लोव्हाकियाचा युराय स्लाफकोव्हस्की उचलला. राइट घसरत चौथ्या क्रमांकावर सिएटलकडे गेला, आणि स्टेजवर जाताना त्याने कॅनडियन्सच्या टेबलाकडे असं काही रोखून पाहिलं म्हणतात की त्या नजरेवर आजही चर्चा झडतात. भाचा वरच्या मजल्यावर होता. त्याला नजर दिसली नाही, टेबलही दिसलं नाही, ते त्याने फोनवर पाहिलं. मग रात्र चढत गेली. विसावा, एकविसावा, बाविसावा. भाच्याने निळी जर्सी सारखी केली. पंचविसाव्या क्रमांकाला जाहीर झालं की, लीफ्सनी ही निवड शिकागोला देऊन टाकली आहे. सोबत पेटर म्राझेक नावाचा नकोसा झालेला गोलरक्षकही दिला आहे, म्हणजे खरं तर त्याचा पगार अंगावरून उतरवण्यासाठी निवड दिली आहे. बदल्यात अडतिसावी निवड, ती उद्या सकाळच्या फेरीत. माँट्रियलच्या गर्दीत लीफ्सची जर्सी घालून ही बातमी ऐकणं काय असतं, हे तो अजून नीट सांगत नाही. दुसऱ्या दिवशी लीफ्सनी फ्रेझर मिंटन या मुलाचं नाव घेतलं तेव्हा भाचा घरी परतताना ४०१ महामार्गावर होता.

पण बघा, हीच तर खरी वसूल झालेली रात्र! समोर खाली बत्तीस टेबलं, त्यांवर फोन, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे कानाशी लागायला जाणारे व्यवस्थापक. कोण कुणाकडे उठून गेला, कोण मान हलवत परत आला, हे सारं वरून दिसे. २०२३ साली नॅशव्हिलमध्ये कॅनडियन्सचा थोर गोलरक्षक केरी प्राइस नाव जाहीर करायला माइकपुढे उभा राहिला आणि ऐन वेळी त्या मुलाचं नावच विसरला. डेव्हिड राइनबाखर, ऑस्ट्रियाचा. आयुष्यात एकदाच येणारा क्षण, आणि सांगणाऱ्याला नाव आठवेना! पुढच्या वर्षी लास व्हेगासच्या स्फिअरमध्ये त्याच संघाने सेलीन दियाँलाच बोलावून पाचवं नाव तिच्याकडून वाचून घेतलं. कॅनडियन्सनी धडा घेतला म्हणायचं.

धडा तसा सगळ्यांनीच घेतला. क्लबांचं म्हणणं पडलं की सगळा लवाजमा एका गावात न्यायचा म्हणजे खर्च फार, शेजारच्या टेबलाला ऐकू जातं आणि जुलैच्या एक तारखेला मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतो, त्याआधी घरी परतायची धावपळ. ही अधिकृत कारणं. माझं अनधिकृत कारण असं की हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत चूक करण्यापेक्षा आपल्या कचेरीत, एसीत, दार लावून केलेली बरी. चूक तेवढीच मोठी, पण जेवण घरचं.

म्हणून २०२५ साली लॉस एंजेलिसच्या पीकॉक थिएटरमध्ये मुलं आली, त्यांचे आईबाप आले, बेटमन आला, प्रेक्षक आले. क्लब आले नाहीत. ते आपापल्या शहरांतून पडद्यावर दिसले. निवड झालेला मुलगा स्टेजवरून एका खोलीत जायचा आणि भिंतीएवढ्या स्क्रीनवरच्या नव्या मालकांशी बोलायचा. तिकडून कुणीतरी अभिनंदन म्हणायचं, मध्ये जरा शांतता पडायची, मग दोघेही एकदम बोलायचे, मग दोघेही एकदम थांबायचे. करोनात आपण सगळ्यांनी हे फुकट केलं आहे. तिथे त्याला आसन क्रमांक होता. आणि प्रेक्षक काय बघत होते? मोठ्या पडद्यावर टीव्ही. तोच टीव्ही घरी आहे आणि घरी बाथरूमला रांग नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मध्ये घालायला हवी, कारण तिने माझी जरा पंचाईत केली. त्या रात्री पहिलं नाव मॅथ्यू शेफरचं निघालं, न्यूयॉर्क आयलंडर्सकडून. या मुलाची आई कर्करोगाने गेली होती. त्याला दिलेल्या जर्सीवर तिच्या आठवणीची गुलाबी फीत होती. त्याने त्या फितीचं चुंबन घेतलं आणि तो रडला. इथे मला टिंगल करता येत नाही. सदरकाराने अशा जागा ओलांडून जायच्या असतात, तसा मी जातो.

आता कुणाला तरीही जायचंच असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. पहिल्या फेरीचा दिमाख आटोपलेला असतो, पाहुणे तारे-तारका पांगलेल्या असतात, खुर्च्या ओस पडलेल्या असतात आणि नावं भराभर उरकली जातात. एखाद्या कोपऱ्यातून अचानक आठ-दहा माणसं किंचाळत उठतात, तेवढ्यावरून कळतं की दीडशेवा कुणीतरी लागला. हसू नका. १९९८ साली डेट्रॉइटने पावेल दात्सुक १७१व्या क्रमांकावर घेतला आणि २००० साली रेंजर्सनी हेन्रिक लुंडक्विस्ट २०५व्या. त्या वर्षी हेन्रिकचा जुळा भाऊ योएल त्याच्या शंभराहून अधिक जागा आधी निवडला गेला होता. एका आईची, एका दिवशीची पोरं, आणि बत्तीसच्या बत्तीस जाणकारांना (तेव्हा संघ थोडे कमी होते, पण आत्मविश्वास एवढाच होता) वाटलं की चांगला तो दुसरा. दात्सुक आणि हेन्रिक दोघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

भाचा दुसऱ्या दिवसासाठी थांबायला हवा होता, हे मी त्याला सांगितलं. थांबला असता तर मिंटनचं नाव त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं असतं. मिंटन खरोखर चांगला निघाला. लीफ्सनी त्याला तीन वर्षं जोपासला आणि मार्च २०२५ मध्ये एका बचावपटूच्या बदल्यात, वर पहिल्या फेरीची आणखी एक निवड घालून, बॉस्टन ब्रुइन्सना देऊन टाकला. बॉस्टन म्हणजे तेच, ज्यांनी लीफ्सना २०१३, २०१८, २०१९ आणि २०२४ साली पहिल्याच फेरीत घरी बसवलं. सूनबाई सांगत होती की हल्ली भाचा रात्री तळघरात आवाज बंद करून बॉस्टनचे सामने बघतो. मिंटनने गोल केला की टाळी वाजवत नाही, फक्त उठून फ्रिजपर्यंत जाऊन येतो.