मुहूर्त मंगळवारचा, सुट्टी रविवारची

पंचांगाला रविवार कळत नाही. परभणीच्या लग्नसराईत राबणाऱ्या प्रत्येक नोकरदार फोटोग्राफरची अडचण एवढीच आहे, आणि ती लहान नाही. आठवडाभर कचेरीत, शाळेत, बँकेत नाहीतर औषधाच्या दुकानात काम करायचं आणि उरल्या वेळात कॅमेरा गळ्यात अडकवून चार पैसे जोडायचे, हा बेत रविवारच्या भरवशावर आखला जातो. मुहूर्त मात्र निघतो मंगळवारी, दुपारी बारा पस्तीसला, पालम तालुक्यातल्या एखाद्या गावात. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला किरकोळ रजा मिळतात ८. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, तोही सगळ्यांना नाही. शाळा, दवाखाने, पोलीस ठाणी त्यातून बाहेर राहिली. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत ८ रजा पुरवायच्या कशा? मग घरातलं कुणीतरी कागदावर आजारी पडतं. हे खोटं आहे आणि ते थांबायला हवं. पकडले जाल म्हणून मी हे सांगत नाही. खोट्या रजेवर आलेल्या माणसाचं अर्धं लक्ष घड्याळात असतं, आणि ते फोटोत दिसतं.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला असाच एक नोकरदार फोटोग्राफर होता. हात चांगला, बोलणं गोड. लग्न नेहमीसारखं दीड तास उशिरा लागलं. त्याला रात्रपाळीला हजर व्हायचं होतं, म्हणून पंगती चालू असतानाच तो बॅग आवरून निघाला. पाठवणी सहाला झाली. वडिलांना मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. आता वडील नाहीत, आणि त्या पाठवणीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. त्या माणसानं नोकरी सांभाळली, ते बरोबरच केलं. पण ‘पाचनंतर मी नसेन’ हे तीन शब्द त्यानं ऑर्डर घेतानाच सांगितले असते, तर आम्ही दुसरी सोय केली असती.

आता पैशाचं बोलतो, कारण खरा घोळ तिथं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, “दादा, घरचंच कार्य समजा. कॅमेरा तर तुमच्याकडं आहेच की.” नोकरदार विरघळतो. पगार चालू असतो, मिळेल ते वरचंच, म्हणून १२ हजारांत हळद आणि लग्न दोन्ही घेऊन टाकतो. समजा, कॅमेऱ्याची बॉडी १ लाखाची आहे आणि तिचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत टिकेल असं कंपनी म्हणते. हळद आणि लग्न मिळून ३ हजार क्लिक सहज होतात. म्हणजे ५० लग्नांत शटरचं आयुष्य संपलं. दर लग्नाला २ हजार रुपये झिजेचे धरा. अल्बमचे ४ हजार. मदतनीस, पेट्रोल, लाइटचं भाडं मिळून ३ हजार. हातात राहिले ३ हजार. तास मोजा: हळदीचे पाच, लग्नाचे दहा, जाण्यायेण्याचे तीन, फोटो निवडायचे चार, एडिटिंगचे बारा, अल्बम लावायचे सहा. एकूण ४० तास. ताशी ७५ रुपये. आणि हा माणूस ऑफिसात सांगतो की, आपला साइड बिझनेस जोरात आहे.

त्याचं नुकसान त्यानं करून घ्यावं, तो त्याचा प्रश्न. पण त्याच १२ हजारांनी स्टेशन रोडवरच्या स्टुडिओवाल्याचं घर मोडतं. त्याला गाळ्याचं भाडं आहे, विजेचं बिल आहे, दोन पोरांचे पगार आहेत, आणि चातुर्मासाचे चार महिने लग्नंच नाहीत. पासपोर्ट फोटोवर त्याचं दुकान चालत नाही. त्याला पहिल्या तारखेला कुणी पगार देत नाही. पगाराच्या जोरावर भाव पाडणं ही स्पर्धा नव्हे. नोकरी असलेल्यानं नोकरी नसलेल्याच्या ताटातला घास काढणं आहे ते. मला हे स्पष्ट लिहायचं होतं, म्हणून आजचं सदर या विषयावर.

नोकरी करत करत कॅमेरा धरणारा सगळ्यात मोठा माणूस आपल्याला परका नाही. लाला दीनदयाळ. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याला जन्म, रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण आणि मग इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे काढण्याची नोकरी. कॅमेरा त्यांनी १८७४ च्या सुमारास हाती घेतला, हौस म्हणून. पुढं दहाएक वर्षं नोकरी आणि फोटो दोन्ही चाललं. काम वाढलं तेव्हा त्यांनी दीर्घ रजा घेतली आणि मग नोकरीच सोडली. सहाव्या निजामानं त्यांना दरबारी छायाचित्रकार केलं, ‘राजा’ हा किताब दिला. आपली परभणी तेव्हा त्याच निजामाच्या मुलखात होती. सिकंदराबाद, इंदूर आणि १८९६ मध्ये मुंबई अशा त्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. नोकरी होती त्या काळात या माणसानं काय केलं ते बघा. मध्य भारतातली देवळं आणि किल्ले फिरून टिपले. पोटाची काळजी पगारानं मिटवली होती, म्हणून हे जमलं.

परभणीच्या नोकरदार फोटोग्राफराकडे आज तीच मोकळीक आहे आणि तो ती ताशी ७५ रुपयांना विकतो. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला यादवकालीन मंदिरं आणि कोरीव दगडी स्तंभ उभा आहे. पाथरी तालुक्यात मुदगलला गोदावरीच्या पात्रात मंदिर आहे. गंगाखेडचा घाट आहे, फेब्रुवारीतला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस आहे. स्टुडिओवाल्याला यासाठी दिवस मोडणं परवडत नाही, कारण अशा फोटोंचं गिऱ्हाईक कुणी नाही. ज्याला पगार आहे त्यानं हे करायचं नाही तर कुणी?

कमवूच नका असं मी म्हणत नाही. कमवा, पण उजेडात. सरकारी नोकर असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ एकदा स्वतः वाचा. पूर्वपरवानगीशिवाय व्यापारधंदा करता येत नाही. प्रसंगोपात्त साहित्यिक किंवा कलात्मक काम, रोजच्या कामाला बाधा न आणता, चालतं. चारठाण्याचा फोटो मासिकात छापून येणं आणि हंगामात तीस लग्नांच्या ऑर्डरी घेणं यांतला फरक सांगायला वकील लागत नाही. आणि बायकोच्या नावानं पाटी लावली की सुटलो, असं कचेरीत सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. घरातलं कुणी धंदा करत असेल तर तेही कळवायचं असतं. खासगी नोकरीत असाल तर नेमणुकीचं पत्र काढून त्यातल्या अटी बघा. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते. तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका.

एक कागद मात्र प्रत्येक ऑर्डरला हवाच. त्यावर तारीख, किती वाजेपर्यंत थांबणार, किती फोटो, अल्बम कधी, विसार किती, कार्य पुढं ढकललं तर विसाराचं काय. आणि एक ओळ फोटोंच्या मालकीची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन दुसऱ्यानं काढून घेतलेल्या फोटोची पहिली मालकी, उलट करार नसेल तर, त्या दुसऱ्याची असते. नवरीचा हळदीचा फोटो तुम्ही जाहिरातीसाठी इन्स्टाग्रामवर चढवता तेव्हा तिला विचारलेलं असतं का? वसमत रस्त्याच्या एखाद्या फलकावर आपली मुलगी अचानक दिसली, तर बापाला काय वाटेल?

दीनदयाळांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा संग्रह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात अजून जपलेला आहे. शंभर वर्षांहून जुन्या काचा. आपल्याकडे पुढच्या लग्नासाठी मेमरी कार्ड रिकामं करताना मागचं लग्न पुसलं जातं. दोन हार्ड डिस्क घ्या, दोन वेगळ्या जागी ठेवा, आणि अल्बम हातात पडेपर्यंत कार्डाला हात लावू नका. मेच्या उन्हात, ४४ अंशांत, गाडीच्या डिकीत हार्ड डिस्क ठेवणारे मी पाहिलेत. ती कुणाच्या तरी घरातली एकुलती एक आठवण असते.

तुळशीचं लग्न झालं की पंचांग आणि रजेचा हिशोब शेजारी मांडून बसा. जमतील तेवढ्याच तारखांवर खूण करा. बारसं, डोहाळेजेवण, साठी ही कार्यं पुष्कळदा रविवारी येतात, ती आधी घ्या, पूर्ण भावात घ्या. आणि मंगळवारच्या मुहूर्तासाठी फोन आला, की सांगा, “मला जमणार नाही, मी नोकरीवर असतो. स्टेशन रोडच्या स्टुडिओचा नंबर देतो. त्यांचा भाव माझ्याएवढाच आहे, आणि ते पाठवणीपर्यंत थांबतात.”