चिरंजिवांचं इंजिन

बाड कानश्टाट, श्टुटगार्ट
शनिवार, रात्री

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस शि. सा. नमस्कार.

इकडे सगळे खुशाल. नातू उंचीने माझ्या खांद्याला आला आणि तुमचे चिरंजीव वयाने त्याच्या बरोबरीला आले. पोराने वाढदिवसाला रिमोटची गाडी मागितली होती. मला वाटलं सेलवरची असेल, आठ दिवसांत चाक निखळेल आणि माळ्यावर जाईल. बापाने आणली ती खऱ्या इंजिनाची. साडेतीन सीसी, टू-स्ट्रोक, मिनिटाला तीस हजारांवर फेरे, आणि चालू करायला दोरी.

नवं इंजिन आणल्या आणल्या पिदडायचं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार? राजदूत घेतलीत तेव्हा महिनोन्‌महिने काटा चाळीसच्या वर नेला नाहीत आणि कशेळीच्या पुलावर लोक मागून हॉर्न मारून थकले, हे आई अजून सांगतात. लग्नाचा हॉलसुद्धा मुहूर्त टळल्यावर गाठणारा तुमचा मुलगा आता तीच शिस्त पाळतो आहे. पोर रिमोट हातात घेऊन दारात उभं, आणि बाप म्हणतो, “अजून रनिंगमध्ये आहे.”

कारण असं की याच्या पिस्टनला रिंगच नाही. पिस्टन ॲल्युमिनियमचा, भोवतीची नळी पितळेची, तिला आतून क्रोमचा मुलामा, आणि वरच्या टोकाला ती किंचित निमुळती. थंड असताना पिस्टन तिथे जाऊन असा अडकतो की दोरी ओढणाऱ्याचा खांदा निघेल. तापल्यावर नळी फुगते आणि दोघांचं जमतं. म्हणून सुरू करण्याआधीच इंजिन गरम करायचं. कशाने? माझ्या हेअर ड्रायरने. आमच्या तळघराची सध्या बाळंतिणीची खोली झाली आहे: शेक आहे, धुरी आहे, तेलाचा वास आहे, थंडी लागू नये म्हणून डोक्याला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळली आहे, आणि मोठ्याने बोलायची सोय नाही.

तेलही कुठलं, तर एरंडेल! इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल आधीच मिसळून येतं, तुमच्यासारखं पंपावर टू-टी वेगळं मागायला नको. डब्यावर एरंडेलाचं नाव वाचून नातवाने आधी दार गाठलं. आईंनी मागच्या सुट्टीत पाजलेला चमचा तो विसरलेला नाही. इथे कायदाही आडवा येतो. 2021 पासून युरोपात नायट्रोमिथेन सोळा टक्क्यांच्या वर असेल तर साध्या माणसाला परवान्याशिवाय मिळत नाही, कारण त्यातून स्फोटकं बनतात. आई, काळजी नको. मिथेनॉल विषारी, आणि पेटलं तर दिवसा ज्योत दिसतही नाही, म्हणून डबा कुलपात आणि किल्ली माझ्याकडे.

इंजिन चालवायचं कुठे, हा खरा प्रश्न. रविवारी इथे गवत कापायचं यंत्रसुद्धा लावता येत नाही. भिवंडीच्या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला ही शांतता झोपू देत नाही, ते वेगळंच. शेजारच्या आजी परवा जिन्यात मला विचारत होत्या, तळघरात नक्की काय चालतं? मी म्हटलं, तुमच्याच गावची परंपरा. या कानश्टाटमध्येच गॉटलीब डाइमलर आणि मायबाख बंगल्याच्या बागेतल्या काचघरात दार लावून इंजिन जुळवत बसायचे. माळ्याला वाटलं, दोघं खोटी नाणी पाडतात; त्याने पोलिसांत कळवलं. त्यांना आत सापडली फक्त हत्यारं आणि इंजिनाचे भाग. त्याच इंजिनावर 1885 साली त्यांनी लाकडी दुचाकी चालवली. त्यात ठिणगीचा प्लग नव्हता, लाल तापवलेली नळी होती. आमच्या गाडीतही ठिणगी नाही. प्लॅटिनमची बारीक तार असते. ती बॅटरीने एकदा तापवायची, मग बॅटरी काढली तरी मिथेनॉलच्या संगतीने लालच राहते. आजी हे ऐकून हसल्या, पण रविवारचा नियम बदलला नाही.

त्यामुळे दर शनिवारी शहराबाहेर क्लबच्या मैदानावर. थोडं चालवायचं, शंभर अंशांपर्यंत तापू द्यायचं, बंद करायचं, पिस्टन खाली आणून ठेवायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत थर्मासमधला चहा प्यायचा. नळी गार होऊन आवळताना पिस्टन वर राहिला तर तिचा वरचा आवळपणा जातो. कोविडात कपाळाला लावायचे तसलं तापमापक आहे, फक्त हे शंभराच्या पुढे मोजतं. मग कार्बोरेटरची सुई एक अष्टमांश फिरवायची. त्यावरून बापलेकांची जुंपते. पोराला लीन हवी, म्हणजे इंधन कमी; गाडी सुसाट जाते. बापाला रिच हवी, म्हणजे इंधन जास्त; मागे निळा धूर दिसलाच पाहिजे. मी बापाच्या बाजूने आहे (हे त्यांना सांगू नका): पेट्रोल वाचवायच्या नादात तुमच्या मेहुण्यांनी स्कूटर कशी सीझ केली ते मी ऐकलं आहे, आणि इथे तर इंधनातून येईल तेवढंच तेल. कमी इंधन म्हणजे कमी तेल. परीक्षा करायची ती इंधनाची नळी चिमटीत धरून. इंजिनचा आवाज किंचित चढून दोन-तीन सेकंदांत विझला तर सुई बरोबर. बराच वेळ चढत राहिला तर रिच. न चढताच पटकन मेला तर लीन.

आम्ही मे महिन्यात येतो आहोत आणि गाडीही येते आहे. इंधन विमानात नेऊ देत नाहीत, तेव्हा मुंबईत कुठे मिळतं का, चौकशी करून ठेवा. आपल्या जुन्या खाचरावर जे गोदाम उभं आहे, तिथल्या वॉचमनलाही विचारा, रविवारी आवारात कंटेनर नसतात ना. आणि चिरंजिवांचा फोन येईल तेव्हा हेअर ड्रायरचं तुम्हीच बोला. माझं ते ऐकत नाहीत.

आपली,
सूनबाई