राउटरचे तात्या

इन्सुलीत कुणाचं नेट गेलं की आधी कंपनीला फोन जातो, मग नशिबाला बोल लागतो आणि शेवटी तात्यांकडे पोरगं पिटाळलं जातं. तात्या टेलिफोन खात्यातले निवृत्त लाइनमन. २००० साली खात्याचं बीएसएनएल झालं, ते त्यांनी अजून मनावर घेतलेलं नाही. स्मार्टफोनवर त्यांचं बोट एक दाबायला जातं आणि भलतंच दाबतं. पण राउटरच्या पाठीमागचं कुठलं भोक कशाचं, हे वाडीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तरण्या पोरांची ओळख डब्याच्या पुढच्या बाजूशी, तीही पासवर्डपुरती.

चपला काढता काढताच ते विचारतात, "दिवो खयचो पेटता?"

"नेट गेला" हे उत्तर त्यांना चालत नाही. "गेला तां माका कळला. दिवो सांग."

मग डब्यावरचा क्रोशाचा रुमाल दोन बोटांनी उचलतात. "ह्येका थंडी वाजता काय?" लाल दिवा लुकलुकत असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही, राउटरला शिव्या घालून उपयोग नसतो. तात्या बॅटरी पाजळून तारेमागोमाग भिंतीने सरकतात. एका घरात वायर लोंबते म्हणून कुणीतरी तिला खिळ्याभोवती करकचून वेढे दिले होते. काचेची तार अशी मुरगळली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. वेढे सोडले, लाल विझला, हिरवा आला. त्या तारेच्या हिरव्या टोपणाला मात्र ते कुणाला हात लावू देत नाहीत. आतलं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, उलटा फिरलेला प्रकाश बाजूला जावा म्हणून. बोटाचा डागसुद्धा तिथे नडतो.

चतुर्थीला चाकरमानी आले की तात्यांचा सीझन. शेजारच्या वयनींचा झिल मुंबईहून लॅपटॉप घेऊन आलेला, मीटिंग डोक्यावर, आणि डब्यावरचे दिवे सगळे एकसाथ पिसाटल्यासारखे फडफडतायत. वाय-फाय लागतोय, पण पुढे काही जात नाही. झिलाने तोवर मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसली होती.

"टाचणी कोणी घातल्यान?" तात्यांचा आवाज चढला. ती दाबून धरली की राउटर सगळं विसरतो, कंपनीने भरून दिलेलं नाव-पासवर्डही. झिल गप्प.

खरं कारण वेगळंच निघालं. आरास करताना वयनींना एक पिवळी वायर लोंबताना दिसली. "मोकळां भोक दिसलां, घातलंय," त्या म्हणाल्या. एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच डब्यात! आतला निरोप तिकडून निघून इकडे, इकडून निघून तिकडे, गरगरत राहिला आणि बाकी सगळ्यांची वाट अडली.

तात्यांनी एक टोक उपसलं आणि पाटावर बसूनच शिकवणी घेतली. "वयनी, बघ. गोंयासून किती गाडये येवंदेत, इन्सुलीचो नाको एकच. ह्यां निळां भोक म्हणजे नाको. भायलो माल हयसूनच आत येतलो. ही चार पिवळी म्हणजे वाडयेतले रस्ते. टीव्ही लाव, कॉम्प्युटर लाव. आणि घरातल्या कोणी मागवल्यान असात तोच माल आत. आपणहून इलेलो थयच अडवतत."

नाक्यावर गोवा बनावटीच्या दारूचे खोके उतरवून घेताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना फायरवॉल वेगळी समजवावी लागत नाही. वयनींना समजली. झिलाला समजली की नाही, कोण जाणे. तो स्पीड कमी का म्हणून विचारत होता. तात्यांनी वायरचं टोक बॅटरीखाली धरलं. आत आठ तारा. शंभरच्या स्पीडला चार पुरतात, हजाराला आठही लागतात, आणि त्यांतली एक उंदराने कुरतडलेली.

जाण्यापूर्वी तात्यांनी दवाखान्यातल्या चिकटपट्टीचे तुकडे एकेका भोकावर लावले आणि पेनने लिहिलं: नाको, टीव्ही, झिल, मोकळो. शेवटच्याखाली दोनदा रेघ.

पुढे पावसात पुन्हा नेट गेलं. तात्या नेमके कणकवलीला, म्हणून वयनींनीच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीतून विचारत होती, मॅडम, वॅनची लाइट चालू आहे का?

वयनींनी चष्मा लावून चिकटपट्टी वाचली. "झिलाची हा," त्या म्हणाल्या. "नाक्याची गेली."